इंदूरचं एक जुनं वर्कस्टेशन आणि लेबलवरचं एक अक्षर: रॅम अपग्रेडचं प्रकरण

मशीन आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. एचपी झेड२४०, टॉवरवालं, आत इंटेल झिऑन ई३-१२४५ व्ही५, चार कोर आठ थ्रेड, बोर्डावर सी२३६ चिपसेट, रॅमचे चार स्लॉट आणि त्यातले दोन भरलेले, ८-८ जीबी, म्हणजे एकूण १६. कुठल्याशा कंपनीच्या लीजवरून उतरलेलं, सेकंडहँड घेतलेलं. मालक आमचा आतेभाऊ, सगळे त्याला दादाच म्हणतात, सुदामा नगरला त्याचं सर्व्हेचं ऑफिस आहे. आधी टोटल स्टेशन (जमीन मोजायचं यंत्र) घेऊन फिरायचा, आता ड्रोन उडवतो, पिथमपूरकडच्या जमिनी, देवास रोडच्या कॉलन्या, असलं काम. ड्रोनचे फोटो शेकड्यांनी येतात आणि ते सगळे जोडून जमिनीचा एक नकाशा आणि उंच-सखलपणाचं मॉडेल करायचं, हे काम ह्या मशीनवर रात्री लावून ठेवायचं आणि सकाळी बघायचं.

तर सकाळी बघितलं की काम अर्ध्यातच अडकलेलं. दादाचं निदान तयारच होतं, रॅम कमी पडते. निदान बरोबर होतं, पण अशा वेळी मी आधी खात्री करायला सांगतो, कारण लोक प्रोसेसर जुना झाला म्हणून रॅम घेतात आणि रॅम कमी म्हणून एसएसडी घेतात. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जायचं आणि ‘कमिटेड’ समोरचा आकडा बघायचा. दादाकडे पहिला आकडा ४० जीबीच्या आसपास चढलेला आणि रॅम १६, म्हणजे बाकीचं सगळं पेजफाइलमध्ये (रॅम संपली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती), एसएसडीवर रगडून चाललेलं. प्रोसेसर निवांत बसलाय, डिस्क शंभर टक्के. ह्याच्यापुढे आणखी पुरावा लागत नाही. शिवाय त्याच पानावर स्लॉट किती वापरलेत आणि स्पीड किती तेही दिसतं, इथे चारपैकी दोन आणि २१३३.

आता दादा हुशार माणूस आहे, आणि हुशार माणसं विचारायच्या आधी खरेदी करून येतात. बाजारातल्या एका दुकानात गेला, म्हणाला वर्कस्टेशन आहे, झिऑन आहे, डीडीआर४ ईसीसी रॅम पाहिजे, १६ च्या दोन. (ईसीसी म्हणजे रॅममधली बारीक चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय असलेली, त्याबद्दल पुढे येतं.) दुकानदार खूष, कारण सर्व्हरमधून निघालेली डीडीआर४ ईसीसी रॅम त्याच्याकडे ड्रॉवरभर पडलेली. “भिया, सर्वर वाली है, एकदम असली, लगा दो और भूल जाओ.” भावही असा की दादाला वाटलं आज आपला दिवस आहे. घरी आणून लावली, बटण दाबलं, पंखे फिरले, पॉवर बटणाचा दिवा लाल मिचमिचला, बीप वाजल्या आणि स्क्रीन काळीच. मग एक-एक लावून बघितली, स्लॉट बदलून बघितले, सोनेरी कडा खोडरबराने घासून बघितल्या (हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय, जपून केला तर चालतो, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर तेच वापरा). जुन्या दोन लावल्या की मशीन उठतं, नवीन लावल्या की नाही. तेव्हा मला फोन, “अरे, ह्या दोन्ही डेड निघाल्या बहुतेक, तू जरा येऊन बघ.”

डेड काही नव्हत्या. फोनवर मी फक्त स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो मागितला, आणि प्रकरण तिथेच उलगडलं. नव्या स्टिकवर असं होतं: १६जीबी २आरएक्स४ पीसी४-२१३३पी-आरए०. मग जुनीचा फोटो मागितला: ८जीबी २आरएक्स८ पीसी४-२१३३पी-ईई१. बाकी सगळं सारखं वाटतं ना? पीसी४ म्हणजे डीडीआर४, २१३३ म्हणजे स्पीड, पी हा टायमिंगचा ग्रेड. पण डॅशनंतरचं पहिलं अक्षर बघा, एकीकडे आर आणि दुसरीकडे ई. सगळी भानगड त्या अक्षरात आहे.

आर म्हणजे रजिस्टर्ड, आरडिम. ई म्हणजे अनबफर्ड पण ईसीसी असलेली. यू असेल तर अनबफर्ड, ईसीसी नसलेली, म्हणजे घरच्या साध्या डेस्कटॉपची. एल असेल तर एलआरडिम, मोठ्या सर्व्हरची. लॅपटॉपच्या लहान स्टिकला एस. आता दुकानदार म्हणाला ‘ईसीसी’ आणि दादानेही मागितली ‘ईसीसी’, दोघंही खरं बोलत होते, कारण आरडिममध्येही ईसीसी असतंच. पण ईसीसी असणं ही एक गोष्ट आणि रजिस्टर्ड असणं ही दुसरी, आणि बाजारात ह्या दोन्ही गोष्टी ‘सर्व्हर रॅम’ ह्या एका नावाखाली विकल्या जातात. तिथेच घोळ होतो.

फरक काय ते थोडक्यात सांगतो. साध्या अनबफर्ड स्टिकमध्ये प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर ॲड्रेस आणि कमांडचे सिग्नल थेट प्रत्येक चिपपर्यंत पाठवतो. स्टिक जास्त, चिपा जास्त, की त्या लाइनीवर भार वाढतो, म्हणून अशा मशीनमध्ये एका चॅनलला (कंट्रोलरपासून स्लॉटपर्यंतचा एक रस्ता) दोनच स्टिक आणि स्टिकचा आकारही मर्यादित. सर्व्हरला शेकड्यांनी जीबी पाहिजे, म्हणून रजिस्टर्ड स्टिकच्या मधोमध एक वेगळी चिप असते, रजिस्टर, ती कंट्रोलरकडून सिग्नल घेते आणि पुढे सगळ्या चिपांना वाटते, कंट्रोलरला फक्त त्या एकीशी बोलायचं. पण त्यासाठी कंट्रोलरला तशा पद्धतीने बोलता आलं पाहिजे, आणि झिऑन ई३ च्या कंट्रोलरला ते येत नाही. हा बायोस अपडेटने सुटणारा विषय नाही, कंट्रोलर सिलिकॉनमध्येच तसा आहे. ई३ हे नाव झिऑन असलं तरी आतून तो त्या काळच्या कोअर आय७ चा सख्खा भाऊ आहे, फक्त ईसीसी चालू केलेला. ह्याच्या शेजारचा मोठा, झिऑन ई५, ज्याच्यावर एचपी झेड४४० किंवा डेल टी५८१० येतात, तो बरोबर उलटा, त्यात आरडिमच लावतात. म्हणजे दादाच्या दोन स्टिक शेजारच्या कुणाच्या झेड४४० मध्ये मजेत चालल्या असत्या. ‘झिऑन आहे’ एवढं सांगून रॅम मागणं म्हणजे ‘टाटाची गाडी आहे’ एवढं सांगून टायर मागण्यासारखं.

आणि बसते बरोबर, हा आणखी एक वैताग. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी, म्हणून डीडीआर३ डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये जातच नाही, तिथे चूक होऊ शकत नाही. पण डीडीआर४ मध्ये अनबफर्ड आणि रजिस्टर्डची खाच एकाच जागी, क्लिप टकन बसते, माणसाला वाटतं बसली म्हणजे चालणार. (डीडीआर५ मध्ये हे सुधारलंय, तिथे दोघींची खाच वेगळी आणि व्होल्टेजही वेगळं, पाच आणि बारा.) चांगली गोष्ट एवढीच की डीडीआर४ च्या दोन्ही प्रकारांना १.२ व्होल्टच लागतात, त्यामुळे चुकीची लावली तरी काही जळत नाही, मशीन नुसतं उठत नाही.

दादाला हे सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न, “मग मी मागायची काय?” प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर शोधायचा एक क्रम आहे, तो उलटा केला की पैसे जातात.

पहिला प्रोसेसर. इंटेलच्या साइटवर प्रत्येक प्रोसेसरचं पान आहे, तिथे ई३-१२४५ व्ही५ समोर लिहिलंय: जास्तीत जास्त ६४ जीबी, डीडीआर४ १८६६ किंवा २१३३, किंवा डीडीआर३एल १३३३ किंवा १६००, दोन चॅनल, ईसीसी हो. हे वाचून लगेच कुणी डीडीआर३एल आणायला जाईल, कारण ती स्वस्त, पण प्रोसेसरला दोन्ही चालतात म्हणून बोर्डावर दोन्ही बसत नाहीत. म्हणून दुसरा बोर्ड: झेड२४० डीडीआर४ वालाच, चार स्लॉट, जास्तीत जास्त ६४, म्हणजे एका स्लॉटला १६ च्या वर नाही. एचपीची मेंटेनन्स गाइड नेटवर फुकट मिळते, त्यात मेमरीचं प्रकरण असतं, स्टिक कोणत्या क्रमाने भरायच्या तेही असतं. आणि मग तिसरी, स्वतः स्टिक. किंग्स्टनसारख्या रॅम बनवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवर मशीनचं मॉडेल टाकलं की चालणाऱ्या स्टिकची यादी येते, ती तुम्हाला त्यांचाच माल दाखवणार हे उघड आहे, पण यादीवरून प्रकार पक्का होतो, आणि मग तोच प्रकार दुसऱ्या कंपनीचा शोधायचा.

एक अडचण इथे आली ती सांगतो. यादीत झेड२४० साठी २१३३ आणि २४०० दोन्ही दिसत होत्या. दादा म्हणाला, ही चुकीची यादी असणार, आपलं तर २१३३. चुकीची नाही, ह्याच खोक्यात नंतर पुढच्या पिढीचे, व्ही६ प्रोसेसर पण आले, त्यांना २४०० चालते, यादी खोक्याच्या नावाने असते, आतल्या प्रोसेसरच्या नाही. २४०० ची स्टिक दादाच्या मशीनमध्ये लावली तरी ती २१३३ वर उतरून चालेल, तिला फुकटचं स्पीड असेल, बिघडत काही नाही. उलट हे कळल्यामुळे शोधाचं वर्तुळ मोठं झालं, कारण २१३३ च्या जुन्या ईसीसी अनबफर्ड आता मिळतच नाहीत म्हटलं तरी चालेल, २४०० आणि २६६६ च्या थोड्या तरी दिसतात.

आता खरी मेख. ईसीसी अनबफर्ड हा बाजारातला सगळ्यात अडचणीचा प्रकार आहे. साधी यू वाली घरोघरी लागते, म्हणून दुकानात असते. आर वाली सर्व्हरमध्ये ढिगाने लागते, म्हणून डेटा सेंटरनी जुने सर्व्हर काढले की ढिगाने बाजारात येते आणि स्वस्त होते. ई वाली लागते ती छोट्या सर्व्हरला, अशा वर्कस्टेशनला आणि काही नासवाल्यांना (नास म्हणजे नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा), म्हणजे बनतेच कमी, निघतेही कमी. म्हणून दादाला मिळालेली ‘स्वस्त’ रॅम ही स्वस्त का होती ह्याचं उत्तर हेच आहे. नव्या ई वाल्या १६ जीबीचा भाव काढला तर दादा थोडा वेळ काहीच बोलला नाही. त्यात २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव असे चढलेत की जुन्या डीडीआर४ चे पण रोज वेगळे सांगतात, सकाळी विचारलेला भाव संध्याकाळी चालत नाही.

मग दुसरा रस्ता होता, ईसीसीच सोडून द्यायचं. झेड२४० साधी यू वाली रॅम पण घेतो, चार स्टिक १६ च्या टाकल्या की ६४ जीबी, सरळ काम, कुठल्याही दुकानात मिळणारा माल. फक्त मग जुन्या दोन ई वाल्या काढाव्या लागतात, कारण ईसीसी आणि बिगर-ईसीसी मिसळायची नाही, कुठे मशीन उठत नाही, कुठे उठतं पण ईसीसी गुपचूप बंद होतं, दोन्हीत फायदा काही नाही.

ह्याच्यावर आमचा बराच वाद झाला, चहा झाला, वहिनीने आणलेले शेव-पोहे झाले. माझं म्हणणं असं की ईसीसीचा बाऊ करू नये आणि तिला फालतूही समजू नये. ईसीसी स्टिक दर ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे ठेवते, म्हणजे ७२, त्यामुळे एक बिट चुकला तर कंट्रोलर तो तिथल्या तिथे दुरुस्त करतो, दोन चुकले तर निदान चूक झाली एवढं ओळखतो. ही कल्पना बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगने १९५० साली छापली, तेव्हापासूनची आहे. आणि चुका होतात का, तर होतात. गूगलने स्वतःच्या सर्व्हरवर केलेला अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात दर वर्षी ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये दुरुस्त होण्याजोगी निदान एक तरी चूक सापडलेली. बँकेचा किंवा हॉस्पिटलचा डेटा असेल तर मी ईसीसीशिवाय ऐकणार नाही. पण दादाच्या कामात लाखो पॉइंट असतात, एखादा उडाला तर नकाशात दिसणारही नाही, जास्तीत जास्त एखादी रात्र प्रोग्राम क्रॅश होईल. म्हणून माझ्या मते त्याला आधी जागा पाहिजे, मग ईसीसी. दादाचं म्हणणं उलटं, “रात्रभर लावून झोपतो ना मी, सकाळी क्लायंट येतो, मला ते क्रॅश परवडत नाही, आणि ह्या दोन चांगल्या स्टिक काढून ठेवायच्या कुठे?” ह्या शेवटच्या वाक्यात त्याचं खरं कारण होतं असं मला अजून वाटतं, आपल्या माणसाला चालणारी वस्तू कपाटात ठेवणं जमत नाही. पण मशीन त्याचं, पैसे त्याचे.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम मधे आणली, ती म्हणजे ह्या मशीनवर पैसे घालावेत का. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे देऊन किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्कीममधून सिक्युरिटी अपडेट थोडे दिवस मिळतात, पण कायमचं नाही. नव्या मशीनला डीडीआर५ लागणार, म्हणजे आज घेतलेली रॅम तिथे जाणार नाही. दादाचा हिशोब असा की हे मशीन मेल आणि बँकेसाठी नाहीच, नेटपासून तोडून फक्त फोटो जोडायला ठेवायचं, आणि नवीन वर्कस्टेशनचा भाव बघितला तर रॅमचा खर्च त्यात सुटून जातो. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, हिशोब बरोबरच होता. चारही स्लॉट बदलण्याऐवजी जुन्या दोन ठेवून ई वाल्या फक्त दोन आणायच्या, १६-१६, म्हणजे ४८ जीबी, असं ठरलं. कमिटेडचा आकडा ४० च्या आसपास होता, ४८ मध्ये बसतं.

शोधायला मग आम्ही आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलो, इंदूरमध्ये कॉम्प्युटरचं काहीही असलं की माणूस तिथेच वळतो. इथे बोलायची पद्धत मात्र बदलली. ‘ईसीसी रॅम है क्या’ असं विचारलं की प्रत्येकजण हो म्हणतो. ‘ईसीसी अनबफर्ड, आर वाली नहीं’ असं म्हटलं की निम्मे गप्प होतात आणि बाकीचे म्हणतात, “एक ही बात है भिया.” एक ही बात नाही, हे आपल्याला माहीत असलं की झालं. तोंडी नाव सोडून द्यायचं आणि सरळ स्टिकर बघायचं. स्टिकरवर बोट ठेवून वाचायच्या तीन जागा मी दादाला शिकवल्या: डॅशनंतरचं अक्षर ई आहे का, ‘आरएक्स’ नंतर ८ आहे का, आणि कंपनीचा पार्ट नंबर कशाने सुरू होतो.

मधली जागा फार उपयोगाची. २आरएक्स४ मधला ४ म्हणजे चार-चार बिटांच्या चिपा, आणि तशा चिपा अनबफर्डमध्ये येतच नाहीत, म्हणून एक्स४ दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही, खाली ठेवा. पार्ट नंबरचं असं की सॅमसंगच्या डीडीआर४ मध्ये एम३७८ म्हणजे साधी, एम३९१ म्हणजे ईसीसी अनबफर्ड, एम३९३ म्हणजे रजिस्टर्ड, एम३८६ म्हणजे एलआर. हायनिक्सच्या नंबरमध्ये यू६ साधी, यू७ ईसीसी अनबफर्ड, आर७ रजिस्टर्ड. स्टिकर फाटलेलं असेल तर चिपा मोजायच्या: ईसीसीवालीत एका रँकला (रँक म्हणजे एकत्र काम करणारा चिपांचा गट, २आर म्हणजे असे दोन) नऊ, दोन रँक असल्या की अठरा. साधीत आठ किंवा सोळा. आणि मधोमध वेगळ्या आकाराची, बाकीच्यांशी न जुळणारी चिप दिसली तर ती रजिस्टर, दादाच्या आधीच्या स्टिकवर ती अगदी स्पष्ट दिसत होती, कुणी बघितलंच नव्हतं.

एका दुकानात एकाने ३२ जीबीची साधी स्टिक काढून दाखवली, “एक ही लगा लो, झंझट खतम.” ती ह्या मशीनसाठी नाही. ३२ च्या अनबफर्ड स्टिकमध्ये १६ गिगाबिटच्या चिपा असतात आणि ह्या पिढीचा कंट्रोलर ८ गिगाबिटपर्यंतच धरून बनवलेला. ह्याच कारणाने नवीन बनावटीच्या १६ जीबी स्टिकपासून पण सावध राहायचं, ज्यांच्यावर १आरएक्स८ लिहिलेलं असतं, तीही १६ गिगाबिटवालीच. १६ जीबी घ्यायची तर २आरएक्स८ च घ्या, जुन्या मशीनला तीच लागते. ही गोष्ट दुकानदाराला माहीत असेलच असं नाही, त्याची मशीन नवीन असतात.

शेवटी एका लहान गाळ्यात, जिथे प्रिंटरची दुरुस्ती जास्त आणि विक्री कमी चालते, छोट्या टॉवर सर्व्हरमधून काढलेल्या दोन स्टिक मिळाल्या. सॅमसंग एम३९१ए२के४३बीबी१-सीआरसी, स्टिकरवर १६जीबी २आरएक्स८ पीसी४-२४००टी-ईई१. ई आहे, एक्स८ आहे, ३९१ आहे. दोन्ही एकाच नंबरच्या, हेही महत्त्वाचं, वेगवेगळ्या जोडल्या तरी बऱ्याचदा चालतात पण मग कधीतरी आठवड्यातून एकदा हँग होणारं भूत कोण शोधणार. घेताना एवढंच ठरवून घेतलं की आमच्या मशीनवर रात्रभर टेस्ट होईपर्यंत परत घेशील, आणि त्याला बिलावर पार्ट नंबर लिहायला लावला. तो म्हणाला, “इतना तो कोई नहीं पूछता,” पण लिहून दिलं.

बसवताना वायर काढून पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं, आतल्या उघड्या लोखंडाला हात लावून घेतला, डिसेंबरच्या कोरड्या हवेत तर ते करायचंच. एका गोष्टीवर लक्ष द्या: चार स्लॉट म्हणजे दोन चॅनल, प्रत्येकाला दोन. गाइडमधल्या क्रमाप्रमाणे प्रत्येक चॅनलमध्ये एक १६ आणि एक ८ पडली पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे २४-२४. दोन्ही १६ एकाच चॅनलमध्ये गेल्या तर ३२ विरुद्ध १६ होतं, मशीन चालेल पण सगळी रॅम दोन्ही चॅनलमधून सारखी वाचली जाणार नाही, आणि मग माणूस म्हणतो एवढे पैसे घालून फास्ट का नाही झालं. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन नेहमीपेक्षा जास्त वेळ काळी राहते, नवीन रॅमशी कंट्रोलर जुळवून घेत असतो, तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका. दादाचा हात बटणाकडे गेलाच होता.

उठलं. बायोसमध्ये ४८, टास्क मॅनेजरमध्ये ४८, स्पीड २१३३, स्लॉट चारपैकी चार. पण आकडा दिसला म्हणजे ईसीसी चालू आहे असं नाही, ते वेगळं तपासायचं. विंडोज १० मध्ये कमांड प्रॉम्प्टवर डब्ल्यूएमआयसीला मेमफिजिकलचं मेमरी-एरर-करेक्शन विचारलं की एक आकडा येतो, ३ आला तर ईसीसी नाही, ५ किंवा ६ आला तर आहे. इथे ६ आला. लिनक्सवाल्यांनी डीएमआयडिकोडला मेमरी विचारायची, टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ असेल तर स्टिक ईसीसीची आहे, आणि एरर करेक्शन टाइपसमोर ‘नन’ नसेल तर मशीन ती वापरतंय. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर लावलं, फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, सकाळी शून्य एरर. ही टेस्ट टाळू नका, सेकंडहँड रॅम घेतली असेल तर अजिबात नाही, आणि परत करायची मुदत संपायच्या आत करा.

दुसऱ्या रात्री दादाने तोच अडकलेला प्रोजेक्ट लावला. कमिटेडचा आकडा तिथेच, चाळीसच्या वर, पण आता डिस्क शांत आणि प्रोसेसर शंभरवर, म्हणजे जे काम करायला पाहिजे ते तोच करतोय. सकाळी नकाशा तयार होता. किती पट फास्ट झालं हे दादा लोकांना वाढवून सांगतो, मी सांगणार नाही, कारण आधी ते काम पूर्णच व्हायचं नाही, तुलना कशाशी करणार.

आर वाल्या दोन स्टिकचं काय झालं हे विचारणारच. पहिल्या दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, बिलावर नुसतं ‘रॅम १६ जीबी’ लिहिलेलं होतं, वाद घालायला जागाच नव्हती. बदल्यात एक हार्ड डिस्क दिली, जुन्या प्रोजेक्टच्या बॅकअपला लागणारच होती. मोठा प्रोजेक्ट आला की ४८ पण कमी पडतील, तेव्हा ८ च्या दोन काढून आणखी दोन एम३९१ टाकायच्या, ६४ वर हा खोका संपतो. त्या दोन मिळाल्या तर कळवायला त्या प्रिंटरवाल्याला दादाने आत्ताच नंबर लिहून दिलाय.